फोटोखालचं नाव

(अभ्यासाचा पाठ. मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. एका बैठकीत संपला नाही तरी चालेल.)



गेल्या अंकात गटाचं दप्तर कसं लिहायचं ते आपण पाहिलं. या वेळी वहीखात्याचा पाठ नाही, व्याजाचं गणितही नाही. या वेळी एका बाईच्या कामाची हकिगत आहे. बाई फोटो काढायच्या. लग्नाचे, बारशाचे नव्हे. बातमीचे फोटो, पेपरात छापून येतात ते. देश स्वतंत्र होत होता तेव्हा त्या कॅमेरा घेऊन तिथं उभ्या होत्या. त्यांनी काढलेले फोटो लाखो लोकांनी पाहिले. पण सुरुवातीची काही वर्षं त्या फोटोंखाली त्यांचं नाव नव्हतं. हे असं का झालं आणि पुढं काय झालं, ते नीट बघू. आपल्या कामाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

त्यांचं नाव होमाई व्यारावाला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. वृत्तछायाचित्रकार हा शब्द जड आहे. आपण साधं ‘बातमीचे फोटो काढणाऱ्या’ म्हणू.

जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घर पारशी. वडील फिरत्या नाटक कंपनीत होते. आपल्याकडे तमाशाचे फड गावोगाव जातात ना, तशा त्या काळी पारशी-उर्दू नाटकांच्या कंपन्या फिरायच्या. म्हणजे घरात पैसा बेताचाच आणि बिऱ्हाड सारखं पाठीवर. पुढं कुटुंब मुंबईला आलं. तिथं होमाई शाळेत गेल्या. त्यांच्या वर्गात मॅट्रिकपर्यंत पोचलेली मुलगी त्या एकट्याच. नंतर मुंबई विद्यापीठात शिकल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचं शिक्षण घेतलं. त्या काळात एवढं शिकणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांची शाळा चौथी-सातवीला सुटली त्यांना मी वेगळं सांगायला नको.

१३ वर्षांच्या असताना रेल्वे स्टेशनवर त्यांची ओळख माणेकशा व्यारावाला यांच्याशी झाली. माणेकशांना फोटोग्राफीचा नाद. कॅमेरा कसा धरायचा, उजेड कसा बघायचा, हे होमाई त्यांच्याकडून शिकल्या. १९४१ साली दोघांचं लग्न झालं. पण त्यांचे फोटो लग्नाआधीच छापून येऊ लागले होते. १९३८ साली बायकांच्या एका क्लबाच्या सहलीचे त्यांनी काढलेले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या पेपरात आले. एका फोटोला एक रुपया मिळाला.

इथं वाचणाऱ्या ताईनं जरा थांबावं. बैठकीत प्रत्येकीनं सांगावं, माझी स्वतःची पहिली कमाई किती होती, कशाची होती आणि ती कुणाच्या हातात पडली. मग पुढं वाचावं.

आता मुद्द्याची गोष्ट. होमाईबाई ‘इलस्ट्रेटेड वीकली’सारख्या मुंबईच्या नावाजलेल्या साप्ताहिकासाठी फोटो काढायला लागल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालेलं होतं. दवाखान्यांतलं काम, बाजार, रस्त्यावरची माणसं, बायका काय काय करतात, असे फोटो. मेहनत त्यांची, नजर त्यांची. पण सुरुवातीच्या त्या दिवसांत फोटो छापून यायचे ते माणेकशांच्या नावानं. कारण काय, तर होमाईंना कुणी ओळखत नव्हतं आणि त्या बाई होत्या.

हे ऐकल्यावर पटकन म्हणाल, ‘बघा, नवऱ्यानं श्रेय लाटलं.’ तसं नाही हं. शिकवलं त्यांनीच. बरोबर काम केलं, फोटो धुण्या-छापण्याचं काम ते करायचे, बाईनं घरात बसावं असं कधी म्हटलं नाही. त्या काळच्या मानानं, आणि खरं सांगायचं तर आजच्याही मानानं, माणूस चांगला. तरीसुद्धा नाव त्यांचंच लागलं. मला वाटतं, ह्यातच खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे. बाईचं नाव पुसलं जायला घरात कुणी वाईट असावं लागतं असं नाही. कागदावर पुरुषाचं नाव लिहायची सवय पुरते. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, आणि आपल्यालाही वाटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. म्हैस कोण सांभाळतं? पहाटे उठून वैरण-पाणी, शेण, धार, सगळं तुम्ही करता. डेअरीत दूध घालायलाही पुष्कळ घरांतून तुम्हीच जाता. पण डेअरीचं सभासद कार्ड कुणाच्या नावावर आहे? दहा दिवसांचा पगार कुणाच्या खात्यात जमा होतो? आणि मग गावात सर्व्हेवाले येतात, ‘ताई, काम काय करता?’ असं विचारतात, तेव्हा आपणच सांगतो, ‘काही नाही, घरीच असते.’

असो. होमाईबाईंकडे परत येऊ.

१९४२ साली नवरा-बायको दोघंही दिल्लीला गेले. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात त्यांना फोटोग्राफरचं काम मिळालं होतं. तिथून पुढची जवळजवळ ३० वर्षं दिल्ली हीच होमाईबाईंची कामाची जागा. साडी नेसून, कॅमेरा बरोबर घेऊन त्या सायकलवर कामाला जायच्या. कॅमेरा म्हणजे आपल्या मोबाईलसारखा खिशात मावणारा नव्हे. स्पीड ग्राफिक नावाचा कॅमेरा त्या वापरायच्या, तो चांगला जाडजूड, वजनदार. त्यात फिल्मचा एकेक तुकडा घालायचा, एक फोटो काढायचा, मग तो तुकडा बदलायचा. वर झगमगाटाचा दिवा लावायचा, त्याचा बल्ब एकदा उडला की संपला. दुसऱ्या फोटोला नवा बल्ब. आणि काढलेला फोटो बरा आला की वाईट, ते लगेच कळायचं नाही. अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात फिल्म धुतल्यावरच कळायचं. आपण हल्ली एका हळदीकुंकवाचे शंभर फोटो काढतो आणि त्यातले दहा ठेवतो. त्यांना पाच-सहा फोटोंतच काम भागवावं लागायचं. त्यामुळं हात लावायच्या आधी नुसतं बघायचं, वाट बघायची आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं, ही त्यांची शिस्त होती.

साडीतली बाई एवढा मोठा कॅमेरा घेऊन हिंडते, हे लोकांना विचित्र वाटायचं. बाई हौसेनं मिरवतेय, असं समजून तिला कुणी गांभीर्यानं घ्यायचं नाही. होमाईबाईंनी पुढं मुलाखतीत सांगितलं होतं की ह्याचा त्यांना फायदाच झाला. कुणी अडवायचं नाही, त्यामुळं नाजूक ठिकाणीही जाता यायचं, आणि फोटो छापून आल्यावर लोकांना कळायचं की ही बाई तर खरंच काम करत होती. ही गोष्ट हसून सांगण्यासारखी आहे, त्यांनीही तशीच सांगितली. पण मला ती पूर्ण गोड वाटत नाही. ज्या कारणानं त्यांना कुणी अडवलं नाही, त्याच कारणानं त्यांचं नाव छापायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. तुम्हाला काय वाटतं, ते बैठकीत बोला.

त्यांनी टिपलेले प्रसंग ऐका. १९४७ च्या जून महिन्यात दिल्लीत काँग्रेसच्या बैठकीत देशाच्या फाळणीवर मतं घेतली गेली, तेव्हा वर झालेले हात. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर पहिल्यांदा फडकलेला तिरंगा. शेवटचे व्हाईसरॉय माउंटबॅटन देश सोडून निघाले तो दिवस. गांधीजींची अंत्ययात्रा. पुढं १९६४ साली नेहरूंची आणि १९६६ साली लालबहादूर शास्त्रींची अंत्ययात्रा. १९५६ साली दलाई लामा पहिल्यांदा नथुला खिंडीतून सिक्कीममध्ये आले, तेव्हा परदेशी मासिकासाठी फोटो काढायला होमाईबाई तिकडं डोंगरात गेल्या. इंग्लंडची राणी, अमेरिकेचे अध्यक्ष, व्हिएतनामचे हो चि मिन्ह, जो कुणी मोठा पाहुणा दिल्लीत आला त्याच्यासमोर ह्या बाई कॅमेरा घेऊन हजर.

नेहरूंचे फोटो त्यांनी पुष्कळ काढले. हातातून पांढरं कबूतर सोडणारे नेहरू तुम्ही कुठंतरी पाहिले असतील. माझा आवडता फोटो मात्र दुसराच आहे. विमानतळावर नेहरू उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी पाटी आहे, ‘इथं फोटो काढण्यास सक्त मनाई आहे.’ आणि तिथंच होमाईबाईंनी फोटो काढलाय! 

एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या प्रार्थनासभेला त्या जाणार होत्या, पण काही कारणानं जाणं राहिलं. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. आपण तिथं नव्हतो, ह्याची खंत त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली.

मग त्यांचं नाव कधी लागायला लागलं? त्याची एक गंमत आहे. त्यांनी स्वतःला एक टोपणनाव घेतलं, ‘डालडा १३’. होय, तोच डालडा, तुपाच्या डब्याचा! जन्म १९१३ चा, नवऱ्याची भेट १३ व्या वर्षी, आणि त्यांच्या पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. लोक १३ आकड्याला अशुभ मानतात, ह्या बाईंनी तोच आकडा नावात घेतला. माझ्या मते हे नुसतं टोपणनाव नव्हतं. माणेकशांचं नाव नको आणि कुणाला बाईचं नाव खटकायलाही नको, ह्यातून काढलेली ती वाट असावी. हा माझा अंदाज आहे, त्यांनी असं म्हटलेलं नाही.

आता जरा अवघड भाग. १९६९ मध्ये माणेकशा वारले. आणि १९७० साली होमाईबाईंनी कॅमेरा खाली ठेवला. वय ५७ च्या आत-बाहेर, नाव झालेलं, हात चालत होता. तरी थांबल्या. कारण त्यांनी सांगितलं ते असं, की नव्या पिढीचे फोटोग्राफर नीट वागत नाहीत, धक्काबुक्की करतात, मान ठेवत नाहीत. त्यांच्या वेळी फोटोग्राफर नीट कपडे करून जायचे, समोरच्या माणसाचा मान राखायचे, अडचणीत पकडून फोटो काढायचे नाहीत. ते राहिलं नाही म्हणून त्यांनी काम सोडलं. त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी परत हा धंदा केला नाही. मुलाजवळ, फारूकजवळ, त्या राजस्थानात पिलानीला राहिल्या. पुढं वडोदऱ्याला आल्या. १९८९ साली तो एकुलता मुलगाही कॅन्सरनं गेला. मग वडोदऱ्याच्या लहानशा घरात त्या एकट्या. झाडं लावायच्या, घरातली दुरुस्ती स्वतः करायच्या. 

आणि लोक त्यांना विसरले. फोटो सगळीकडं दिसत होते, पुस्तकांत, पेपरांत. ते काढणारी बाई वडोदऱ्यात जिवंत आहे, हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

त्यांना परत लोकांसमोर आणण्यात मोठा वाटा एका बाईचाच. सबीना गडिहोक, दिल्लीच्या जामिया विद्यापीठात शिकवतात, स्वतः कॅमेऱ्याचं काम करतात. त्यांनी होमाईबाईंवर आणि आणखी दोघी फोटोग्राफर बायकांवर १९९८ साली माहितीपट केला. मग होमाईबाईंजवळ बसून, त्यांच्याशी बोलून, त्यांच्या कामावर एक सबंध पुस्तक लिहिलं. ते २००६ साली आलं. हे होऊ शकलं ते कशामुळं? होमाईबाईंनी निगेटिव्ह, छापील फोटो जपून ठेवले होते म्हणून. निगेटिव्ह म्हणजे फोटोचं मूळ, जिच्यावरून कितीही प्रती निघतात. तीच नसती, तर कुठला फोटो कुणाचा हे सांगायला पुरावा काय होता? आपल्या गटाच्या दप्तरासारखंच. मीटिंगला कोण काय बोललं ते सगळ्यांना आठवतं, पण ऑडिटला वहीच बघतात.

हा सगळा ठेवा त्यांनी दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे दिला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी केंद्र सरकारचा फोटोग्राफीतला जीवनगौरव पुरस्कार मिळाला. आणि २०११ साली पद्मविभूषण. भारतरत्नाच्या खालोखालचा हा किताब. त्या वेळी राष्ट्रपतिपदावर प्रतिभाताई पाटील होत्या, आपल्या जळगावच्या, तिथं बसलेल्या पहिल्या महिला. होमाईबाई तेव्हा ९७ वर्षांच्या. १५ जानेवारी २०१२ ला त्या वारल्या.

हिशेब करा. काम सोडल्यापासून पद्मविभूषणापर्यंत ४१ वर्षं गेली. त्या ९८ वर्षं जगल्या म्हणून त्यांना बघायला मिळालं. ७५ ला गेल्या असत्या तर?

आता आपल्याकडं वळू. गटाच्या बायकांचे फोटो निघत नाहीत असं नाही. उलट फार निघतात. साहेब भेटीला आले की आपण रांगेत उभ्या. मेळाव्यात स्टॉलसमोर उभ्या. कर्जाचा मोठा पुठ्ठ्याचा चेक धरून उभ्या. आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो, त्याखाली पाहुण्यांची नावं हुद्द्यांसकट आणि पुढं ‘समवेत बचत गटाच्या महिला’. वीस बायकांना मिळून एक नाव. मी ह्या पाठासाठी आपल्याच वार्तापत्राचे जुने अंक काढून बघितले. आपणही हेच करतो. ‘लाभार्थी महिला’, ‘उपस्थित महिला’, ‘पापड लाटताना महिला’. त्या पापडाची चव ज्यांच्या हाताची आहे, तिचं नाव कुठंच नाही.

काही जणी म्हणतील, ‘अगं पोरी, नावाला काय करायचंय, पोटाला मिळालं म्हणजे झालं.’ मान्य. पण नाव आणि पोट हे तितकं वेगळं नाही. डेअरीचं खातं स्वतःच्या नावावर असलं की दुभत्या जनावराचं कर्ज स्वतःच्या नावावर मागता येतं. मसाल्याच्या पाकिटावर गटाचं नाव आणि गावाचं नाव छापलं की गिऱ्हाईक पुढच्या वेळी तेच मागतं. सात-बारावर बायकोचं नाव लावायला महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. आपल्या गावात किती घरांनी ती वापरली, ते एकदा तलाठी कार्यालयात विचारा. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा नियम आपल्या राज्यात झाला आहे. नाव लिहायची जागा आता आहे. ती भरायचं काम आपलं आहे.

ह्यासाठी घरात भांडण करावं लागेलच असं नाही. माणेकशांसारखे मालक पुष्कळ घरांत आहेत. विचारलं तर ‘लाव की तुझं नाव, मी कुठं नको म्हणतोय’ असं म्हणतील. आणि नाही म्हणाले, तर का नाही म्हणतात हे तरी कळेल.

पुढच्या बैठकीसाठी दोन प्रश्न देते. होमाईबाईंनी नाव झालेलं असताना, मान राहिला नाही म्हणून काम सोडलं. त्यांचं बरोबर होतं का? की तिथंच राहून नव्या पोरांना वळण लावायला हवं होतं? मी दोन्ही बाजूंनी विचार केला, माझं काही ठरलेलं नाही. दुसरा प्रश्न सोपा: आपल्या घरात तुम्ही राबता त्या कोणकोणत्या कामाचा कागद तुमच्या नावावर आहे? तोंडी नको, वहीत लिहून आणा.

आणि एक घरचा अभ्यास. पेटीत, पत्र्याच्या ट्रंकेत जुने फोटो असतील. ते एकदा बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. प्रत्येक फोटोच्या मागं कोण, कुठं, कुठल्या साली, ते लिहा. पेननं नको, पेनची शाई पुढं उमटते. मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं लिहा. ‘अमक्याची आई’, ‘पाटलांची सून’ असं लिहू नका, तिचं स्वतःचं नाव लिहा. माहेरचं नाव आठवत असेल तर तेही. काही बायकांचं नाव घरात कुणालाच आठवणार नाही. तिथं जागा मोकळी सोडा आणि भावकीत विचारत राहा.

पुढच्या अंकापासून वार्तापत्रासाठी फोटो पाठवताना मेसेजमध्ये डावीकडून उजवीकडे प्रत्येकीचं पूर्ण नाव, गटाचं नाव, गाव आणि तारीख लिहून पाठवा. फोटो कुणी काढला, तिचंही नाव लिहा. नावं नसतील तर मी फोन करून विचारीन, आणि तोपर्यंत फोटो थांबवून ठेवीन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक